साठीत नाक सरळ करायचं का?

साठीला आल्यावर नाकाला चाकू कशाला लावायचा, असं कुणीही विचारेल. मी ६१ व्या वर्षी लावून घेतला, म्हणून लिहितो. शाळेत असताना शिवाजी पार्कला सीझनचा बॉल नाकावर बसला, तेव्हापासून दोन नाकपुड्यांमधला पडदा डावीकडे वाकडा. एका नाकपुडीवर चाळीस वर्षं विरार लोकल काढली! घोरण्यापायी बायको हॉलमध्ये झोपायला गेली, तेव्हा कुठे कान-नाक-घसावाल्यांकडे गेलो.

नुसतं वय आड येत नाही. बीपी, शुगर आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या येतात. त्या चालू असतील तर आधीच सांगा, आपल्या मनाने बंद करू नका. आणि श्वासासाठी आतला पडदा सरळ करणं वेगळं, बाहेरचा आकार बदलणं वेगळं. आकार बदलला तर सूज पूर्ण उतरायला वर्षसुद्धा लागतं, शिवाय नुसत्या दिसण्यासाठी केलं तर विमा सहसा पैसे देत नाही.

माझं पडद्याचंच होतं. पहिला आठवडा मात्र वाईट गेला. नाक गच्च, घशाला कोरड, बोंबलाला चवच नाही! आता श्वास मोकळा आहे. घोरणं कमी झालंय, गेलेलं नाही. बायको अजून हॉलमध्येच आहे, पण ते टीव्हीमुळे.