बेकारी कमी, तरी माणसं आहेत

‘बेकारी साडेतीन टक्क्यांवर आली म्हणजे कामाला माणूसच उरला नाही’ असं अमेरिकेबद्दल म्हटलं जातं, ते अर्धंच पटतं. तिथे २०२३ मध्ये बेकारीचा दर ३.४ टक्क्यांपर्यंत उतरला, १९६९ नंतरचा नीचांक. पण गेल्या चार आठवड्यांत ज्यानं काम शोधलं, साधारणपणे त्यालाच तिथे बेकार धरतात. पाळणाघर परवडत नाही म्हणून घरी थांबलेली, अर्ज न करणारी नर्स त्या आकड्यात येतच नाही, आणि तिकडे रुग्णालय नर्स मिळत नाही म्हणून खाटा बंद ठेवतं.

२००० साली तिथले ६७ टक्के प्रौढ कामात किंवा कामाच्या शोधात होते, २०२३ मध्ये साडेबासष्टच्या आसपास. या घसरणीत निवृत्तांचा वाटा मोठा आहे, मान्य. पण त्या नर्सला पाळणाघर मिळालं तर ती उद्या कामावर येईल.