जी-टू चाचणीत पेशी किरणांना ‘संवेदनशील’ निघाल्या, तर त्या बाईला काय सांगायचं?

धागाकर्ती: स्तनाच्या कॅन्सरचा धोका ओळखायला जी-टू चाचणी वापरावी, असं माझं ठाम मत आहे. विभाजनाच्या आधीच्या ‘जी-टू’ टप्प्यातल्या पेशींना किरण दिले की त्यांची गुणसूत्रं किती तुटतात, ते यात पाहतात. लिंफोसाइट (रक्तातल्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) 72 तास वाढवायच्या, 0.5 ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) एक्स-रे द्यायचे, अर्ध्या तासाने विभाजन मधेच थांबवणारं कोल्सेमिड, आणखी तासाभराने पेशी काढून मेटाफेजमध्ये (विभाजनाच्या मधल्या टप्प्यात) क्रोमॅटिड, म्हणजे गुणसूत्राचे जोडधागे, किती ठिकाणी तुटलेत ते मोजायचं. मँचेस्टरच्या गटाला 1990च्या दशकात सुमारे 40 टक्के रुग्ण संवेदनशील आढळले, निरोगी बायकांत 10 टक्क्यांच्या आत. बीआरसीए या स्तनाच्या कॅन्सरशी जोडलेल्या जनुकांत दोष सापडत नाही अशा कुटुंबांच्या हाती दुसरं काय आहे?

मेटाफेज: तुमचेच आकडे घेऊन हिशेब करा. हजार निरोगी बायका, त्यांतल्या 20 जणींना पुढे कॅन्सर होणार असं धरू. 40 टक्क्यांनी 8 सापडतील, 12 सुटतील. उरलेल्या 980 पैकी 98 जणी उगाच घाबरतील. 106 मध्ये 8!

धागाकर्ती: सरसकट सगळ्यांची करा असं कुठे म्हटलंय? घरात दोन-तीन रुग्ण असतील तिथेच करा. एटीएम जनुकाची एक प्रत बिघडलेल्या बायकांना स्तनाच्या कॅन्सरचा धोका दुपटीहून जास्त असतो, आणि एटीएमचं कामच मुळी डीएनए तुटल्याचा इशारा देण्याचं. संबंध खरा आहे.

मेटाफेज: संबंध मला मान्यच आहे. माझा भरवसा नाही तो मोजणीवर. किरण दिल्यावर नळी 37 अंशांवरून जरा उतरली की दुरुस्ती मंदावते आणि तुटी जास्त दिसतात. शिवाय गॅप आणि ब्रेक यांतला फरक: तुटलेला तुकडा रेषेतून सरकलेला असेल तर ब्रेक, रेषेतच असून मधे फट दिसत असेल तर काहीजण गॅप म्हणतात, काही फटीची रुंदी क्रोमॅटिडच्या जाडीशी ताडून पाहतात. एकच स्लाइड दोघांकडे द्या, आकडे वेगळे येतील. म्हणून दर खेपेला त्याच निरोगी दात्याचं रक्त सोबत लावावंच लागतं, आणि स्लाइडवरची नावं झाकून मोजावं लागतं. रुग्णाचं रक्त केमोथेरपीच्या आधीच घेतलेलं हवं.

स्तनचिकित्सा: दोघांनाही एक सांगते. 0.5 ग्रे म्हणजे 500 मिलिग्रे. मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रे तपासणीत, स्तनाला जेमतेम काही मिलिग्रे मिळतात. ‘तुमच्या पेशी किरणांना संवेदनशील आहेत’ एवढाच अहवाल हातात पडला, तर पन्नाशीतली बाई पहिल्यांदा मॅमोग्राफी टाळेल. कौटुंबिक इतिहास असेल तर आधी जनुकीय समुपदेशन, मग बीआरसीए, पाल्बटू, एटीएम, टीपी53 या जनुकांची तपासणी. टीपी53 मध्ये दोष निघाला, तर रेडिएशन शक्यतो टाळून शस्त्रक्रिया कोणती करायची ते ठरवता येतं. जी-टूच्या आकड्यावरून आज असा एकही निर्णय घेता येत नाही.

धागाकर्ती: मॅमोग्राफीचा मुद्दा पटला, अहवालात तो लिहायलाच हवा. पण म्हणून चाचणी प्रयोगशाळेतच ठेवायची, हे मात्र अजून पटलेलं नाही.