फ्लाय बांधण्याचे चांगले साहित्य कुठे मिळेल? (मदत हवी आहे)

काठावरचा: नमस्कार. फ्लाय (मासेमारीसाठी गळावर पिसे, दोरा बांधून केलेले कृत्रिम आमिष) बांधण्याचे साहित्य विकणारी भरवशाची दुकाने कृपया सुचवावीत. ऑनलाइन मागवलेल्या पाकिटातली पिसे गळाभोवती गुंडाळताना देठातच मोडतात, दोरा सारखा तुटतो आणि विक्रेता दाद देत नाही. हंगामापूर्वी पेटी भरायची आहे, म्हणून अवजारांच्या चर्चेत न शिरता थेट दुकानेच सांगावीत.

डोहकाठ: कोणती फ्लाय, कितीचा गळ आणि कोणत्या माशासाठी, हे आधी कळवावे. पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायला ताठ तंतूंचे कोंबड्याचे पीस लागते, तर बुडणाऱ्या फ्लायला कोंबडीचे मऊ पीसच शोभते. त्यामुळे एकाला उत्तम वाटलेले दुकान दुसऱ्याच्या काहीच उपयोगाचे नसते.

पाणकावळा: एवढे कशाला? कलाकुसरीच्या साहित्याच्या दुकानात जावे. मॅराबू (मऊ, फुललेले पीस), शेनील (जाड, लवदार दोरा), मोरपीस, तांब्याची बारीक तार हे सगळे तिथे मिळते. मॅराबू तर हल्ली टर्कीचेच पीस असते, मग ते कुठूनही घेतले तरी काय बिघडते?

डोहकाठ: मॅराबूपुरते मान्य आहे, पण फ्लायच्या डोक्याशी ओवायच्या मण्यांच्या बाबतीत ही काटकसर अंगाशी येते. फ्लायसाठीच्या मण्याचे भोक एका बाजूने रुंद केलेले असते, म्हणून तो गळाच्या वळणावरून सरकतो. माळेतला सरळ भोकाचा मणी बहुधा तिथेच अडकतो. शिवणकामाचा दोराही इतका जाड असतो की लहान गळावर डोक्यापाशी गाठोडे तयार होते.

पाणकावळा: लहान गळ वापरायचा आहे, असे त्यांनी कुठे म्हटले आहे?

जुनीपेटी: दुर्मीळ पिसांच्या नादी मात्र कोणी लागू नये. २००९ मध्ये इंग्लंडमधील ट्रिंगच्या संग्रहालयातून शेकडो पक्ष्यांची कातडी चोरीला गेली, ती सामन माशाच्या पारंपरिक फ्लायसाठी लागणाऱ्या पिसांपायीच.

काठावरचा: चोरीची पिसे मी मागितलेली नाहीत. तरंगणाऱ्या फ्लाय, १४ आणि १६ क्रमांकाचे, म्हणजे लहानच गळ, मासा ट्राउट. शिवाय थोड्या वूली बगर (मॅराबूच्या शेपटीच्या, बुडणाऱ्या फ्लाय). आता तरी दुकान सांगावे.

डोहकाठ: मग खरेदी दोन ठिकाणी विभागावी. वूली बगरसाठी मॅराबू आणि शेनील पाणकावळा म्हणतात तिथून खुशाल घ्यावे. गळ, दोरा आणि हॅकल (गळाभोवती गुंडाळायचे कोंबड्याचे पीस) मात्र केवळ फ्लायचेच साहित्य ठेवणाऱ्या विक्रेत्याकडून घ्यावे आणि तो उत्पादकाचे नाव व मापाचा क्रमांक लिहून देतो की नाही, यावरून त्याची पारख करावी. हॅकलसाठी व्हायटिंग, दोऱ्यासाठी युनी किंवा व्हीवस आणि गळासाठी टीमको किंवा मुस्ताद ही नावे त्याच्याकडे दिसली, तर निदान आपण काय घेत आहोत ते कळते. सुटी, मिसळ पिसे ‘हॅकल’ म्हणून विकणाऱ्याला मी तरी दारातूनच नमस्कार करतो. पिसांसह पूर्ण कातडे परवडत नसेल तर एकाच मापाच्या लांब सॅडल (कोंबड्याच्या पाठीवरच्या) पिसांचे छोटे पाकीट मागावे, कारण अशा एका पिसात अनेक फ्लाय होतात.

जुनीपेटी: पिसे हाती आली की बंद पिशवीत घालून काही दिवस फ्रीजरमध्ये ठेवावीत, नाहीतर कसर लागते.

पाणकावळा: हे कोणी विचारले होते?

गाठमारी: दुकान बदलले तरी दोरा तुटायचा थांबेलच असे नाही. बॉबिनच्या (दोऱ्याचे रीळ धरून नळीतून दोरा सोडणाऱ्या अवजाराच्या) नळीच्या तोंडाशी धातूची कड राहिली असेल किंवा गुंडाळताना दोरा गळाच्या टोकाला घासत असेल, तर नव्या रिळाचीही तीच गत होते. कापसाचा धागा नळीतून ओढून पाहावा. तो अडकला तर सिरॅमिकच्या नळीचे बॉबिन घ्यावे.

काठावरचा: अवजारांवर चर्चा नको, असे मी सुरुवातीलाच लिहिले होते. पण कापसाचा धागा खरोखरच अडकला. असे बॉबिन कुठे मिळेल?