पावनखिंडीसारखा गेम पाहिजे : दोघं खेळणार, पीसी एकच

रंकाळा_रिटर्न्स :
मंडळी, जुलैत भाच्याला घेऊन पन्हाळा ते पावनखिंड चाललो. पोरगं आठवीत. चिखलात बूट रुतले तरी कुरकुर न्हाई, पण खिंडीत उतरल्यावर म्हणतंय कसं, "मामा, इथं एका वेळी चार-पाच माणसंच शिरत असतील. मग मागच्या हजारांनी काय करायचं?" तवापासनं धोशा लावलाय, असा गेम शोध म्हणून. मोबाईलवरच्या बॅटल रॉयलला कंटाळलाय, तिथं जो तो एकमेकांचा वैरी. ह्याला आम्ही दोघं एका अंगाला आणि समोरनं लोंढा, असं पाहिजे.

दिवाळीत तो राजारामपुरीत आमच्याकडं येणार. पीसी जुना, आय-थ्री, ८ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड न्हाई. कंट्रोलर दोन हाईत. आणि बहिणीची अट, रक्ताचा सडा नको. सांगा कायतरी.

शाहूपुरीचा_शाणा :
व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स. डोळं झाकून घ्या. २०२२ ला पूर्ण स्वरूपात आला, २०२३ मध्ये एकाच स्क्रीनवर चौघांची सोय झाली. जुन्या पीसीवर पण पळतोय. ३० मिनिटं टिकायचं, मग साक्षात यम येतोय. नाद खुळा!

काउंटरवरचा_दादा :
शाणा भावा, गेम जगात भारी हाय, वादच न्हाई. पण त्यात खिंड कुठाय? मोकळं रान, चारी बाजूंनी गर्दी, आणि आपण पळत ऱ्हायचं. थांबला की संपला. हत्यारं पण आपोआप चालतात. ब्रोटॅटोची तीच तऱ्हा, फक्त लाटा २० आणि मधे मधे दुकान. हे पळायचे गेम. पोराला पाहिजे उभं ऱ्हायचा. त्यानं खिंडीत जे विचारलं ना, तिथंच ह्या सगळ्या खेळाची मेख हाय. समोर किती आलेत ह्याला किंमत न्हाई, एका वेळी किती अंगावर येऊ शकतात ते बघायचं.

कॉलेजात असताना मी संध्याकाळी एका गेमिंग कॅफेच्या काउंटरवर बसायचो. लेफ्ट फोर डेड, म्हंजे चौघांनी मिळून झोंबींच्या झुंडींशी लढायचा गेम, लागला की समोरच्या चौघांकडं बघूनच कळायचं कोण मुरलेलं आणि कोण नवखं. नवखी पोरं मधोमध उभी राहून चौफेर गोळ्या झाडायची आणि रिलोड करताना मरायची. मुरलेली पोरं आधी खोली हुडकायची, दार एक आणि पाठीला भिंत. दोघं पुढं गुडघ्यावर, दोघं त्यांच्या डोक्यावरनं मारणार, म्हणजे आपल्याच माणसाला गोळी लागत न्हाई. बंदूक रिकामी झाली की "भरतोय!" म्हणून आरोळी, की शेजारचा ती बाजू धरणार. नेम सगळ्यांचा यथातथाच होता बघा. जागेवर जिंकायची.

२००८ चा गेम हा, पण त्यातली एक करामत अजून भल्याभल्यांना जमंना. झुंडी ठरल्या वेळी, ठरल्या जागी येतच न्हाईत. खेळणाऱ्यांवर किती ताण आलाय ह्याचा हिशेब गेम आतल्या आत ठेवतोय. रेटा शिगेला पोचला की जरा हात आखडता घेतो, तुम्ही पट्ट्या बांधता, गोळ्या भरता, आणि मग परत सोडतो. नुसता लोंढा सोडत बसला तर दहा मिनिटांत कान बधिर होतात आणि खेळणाऱ्याला कशाचं काही वाटंना होतं. मधला दम पाहिजेच.

आणि शेवट ऐका. नो मर्सी मोहिमेत हॉस्पिटलच्या गच्चीवर रेडिओवरनं हेलिकॉप्टर बोलवायचं आणि ते येईस्तोवर तग धरायचा. सगळ्यांना मारून संपवायचं कामच न्हाई, ते संपतच न्हाईत. विशाळगडाची तोफ ऐकू येईपर्यंत बाजीप्रभू लढले, तसलाच हिशेब. चौघांतला एक जरी सुटला तरी मोहीम फत्ते, आणि मागं ऱ्हायलेल्यांची नावं शेवटी स्मरणार्थ म्हणून पडद्यावर येतात. ते नाव ज्याचं यायचं तो हेलिकॉप्टरात चढलेल्याशी तासभर बोलायचा न्हाई.

पण बहिणीची अट बघता हा बाद. आठवीतल्या पोराला मी पण दाखवणार न्हाई. शिवाय पीसीवर दोघांत स्क्रीन वाटून घ्यायची सरळ सोय त्यात न्हाई. ऑर्क्स मस्ट डाय २ हा अस्सल खिंडीचा गेम, अरुंद बोळात जमिनीतनं खिळं, भिंतीतनं बाण. पण तो दोघांनी खेळायचा तर ऑनलाइन, म्हंजे पीसी दोन पाहिजेत.

तुमच्यासाठी डंजन डिफेंडर्स. २०११ चा पहिला घ्या. कार्टूनसारखं चित्र, स्क्रीन वाटली जाते, कंट्रोलर चालतात. एक स्फटिक सांभाळायचा. आधी बांधकामाला निवांत वेळ, मग लाट. खेळाडू निवडायचे असतात, त्यातला स्क्वायर अडथळे उभे करतोय, अप्रेंटिस जादूचे मनोरे. रिझोल्यूशन उतरवा, सावल्या बंद करा, चालंल.

करवीर_कन्या :
दादांनी लेखच लिहिला. माझी छोटी भर, पीसी अगदीच रडायला लागला तर प्लांट्स व्हर्सेस झोंबीज, २००९ चा. अंगणात झाडं लावून झोंबी अडवायचे, पुढे अक्रोड, मागे वाटाणे, रक्ताचा थेंब नाही. माऊस मात्र एकच, त्यामुळे भाचा खेळणार आणि मामा मागून ओरडणार. आमच्याकडे असंच चालतं.

रंकाळा_रिटर्न्स :
ते ओरडणं काय आम्हाला जमणार न्हाई, मलाच खेळायचंय. डंजन डिफेंडर्स घेतला, पहिला नकाशा एकट्यानं खेळून बघितला. अडथळे ऐन दाराच्या तोंडावर लावले, तर पाठीमागचे तिरंदाज लांबनंच तोडायला लागले. काय करू?

काउंटरवरचा_दादा :
भिंत दारात न्हाई, दारापासनं जरा आत घ्या. म्हंजे त्यांना दारातनं आत यावं लागतंय, आणि आत आलं की दोन्ही बाजूंच्या मनोऱ्यांच्या माऱ्यात सापडतात. सगळं बांधकाम एका दारावर उधळू नका, एका नकाशात किती बांधायचं त्याला मर्यादा असते. आणि एक हात वर राखून ठेवा. वायव्हर्न म्हंजे पंखवाले ड्रॅगन उडत येतात, ते तुमच्या भिंतीला काडीची किंमत देत न्हाईत. भाच्याला स्क्वायर द्या, तुम्ही अप्रेंटिस.

रंकाळा_रिटर्न्स :
बहीण इथंच बसलीया. विचारतीया, तिसरा कंट्रोलर जोडता येतोय का?

काउंटरवरचा_दादा :
चौघांपर्यंत येतोय. ताईंना हंट्रेस द्या, ती सापळे लावते.