मदत हवी आहे: रॅम ३२०० ची, चालते मात्र २१३३ वर

नमस्कार मंडळी,

रॅमच्या डब्यावर वेग ३२०० छापलाय आणि टास्क मॅनेजर २१३३ दाखवतोय. दोन शनिवार-रविवार ह्यातच गेले, म्हणून शेवटी धागा काढतोय.

मशीन असं आहे: रायझन ५ ३६००, बी४५० चिपसेटचा चार स्लॉटवाला मदरबोर्ड, डीडीआर४ रॅम. ८-८ जीबीचा एक जोड पहिल्यापासून होता. व्हिडिओ एडिटिंगला १६ जीबी पुरेना, म्हणून मागच्या महिन्यात आणखी एक जोड घेतला. कंपनी तीच, मॉडेल नंबर तोच, अक्षर न् अक्षर जुळवून घेतलाय. दोन्हींवर ३२००, सीएल१६ (म्हणजे उत्तर द्यायला १६ ठोके).

आधीचा जोड तरी ३२०० वर चालत होता का, हे सांगता येणार नाही, कारण मी कधी बघितलंच नव्हतं. (हसू नका.)

बायोसमध्ये (मशीन सुरू होताना चालणारं मदरबोर्डचं सॉफ्टवेअर) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमचा छापील वेग लावायची सोय, चालू केलं, सेव्ह केलं. स्क्रीन काळी. पंखे फिरतात, थांबतात, परत फिरतात. असं तीनदा झालं आणि मशीन गुपचूप २१३३ वर येऊन उघडलं. वर सीपीयू-झेड (हार्डवेअरची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) तर १०६६ दाखवतंय, म्हणजे त्याच्याही निम्मं! रॅम खराब निघाली का? परत करायची मुदत संपत आलीये. जाणकारांनी मदत करावी.

— रिकामा स्लॉट

पिक्सेलराव:
१०६६ बघून घाबरू नका, ते बरोबर आहे. डीडीआर म्हणजे डबल डेटा रेट, घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा डेटा जातो. सीपीयू-झेड ठोके मोजतं, टास्क मॅनेजर दुप्पट करून सांगतो. ३२०० लागू झालं की तिथे १६०० च्या आसपास दिसेल. बाकीचं जाणकार सांगतीलच.

अर्धवट बूट:
बायोस अपडेट करा, सगळे आजार बरे होतात.

खडखड्या पंखा:
सगळे नाही, पण हा होऊ शकतो. बी४५० बोर्डांच्या सुरुवातीच्या बायोसमध्ये रॅमशी जुळवून घेण्याच्या बाबतीत बऱ्याच अडचणी होत्या, पुढच्या आवृत्त्यांत त्या कमी झाल्या. आवृत्ती कोणती आहे ते कळवा. आणि अपडेट चालू असताना मशीनला हात लावू नका.

आता मूळ मुद्दा. रॅम खराब नाही, निदान अजून तरी तसं म्हणायला काही आधार नाही. २१३३ हा डीडीआर४ चा सगळ्यात सुरक्षित वेग. बोर्डाला काही सांगितलं नाही, किंवा सांगितलेलं जमलं नाही, तर तो तिथेच येऊन बसतो. डब्यावरचे ३२०० हे रॅमच्या छोट्या चिपमध्ये लिहून ठेवलेल्या प्रोफाइलमधले. त्यात नुसता वेग नसतो, टायमिंग असतात आणि व्होल्टेजही असतं: मूळ १.२ व्होल्टच्या जागी बहुतेकदा १.३५. ते प्रोफाइल म्हणजे एक्सएमपी. काही बोर्डांवर त्यालाच डीओसीपी म्हणतात.

तुम्ही प्रोफाइल लावलंत, बोर्डाने त्या वेगाने रॅमशी सूर जुळवायचा प्रयत्न केला, तीनदा जमलं नाही, मग सोडून दिलं. तो काळा पडदा म्हणजे हेच. डब्यावरचा आकडा त्या एका डब्यातल्या दोन काड्यांसाठी (रॅमच्या पट्ट्यांसाठी) तपासलेला असतो. तुम्ही दोन डबे एकत्र केलेत, तेव्हा कंपनीने दिलेला शब्द तिथे संपला. मॉडेल नंबर तोच असला तरी वर्षभराने आतल्या चिपा दुसऱ्याच असू शकतात. सीपीयू-झेडच्या एसपीडी टॅबमध्ये (तिथे प्रत्येक काडीची माहिती दिसते) एकेक स्लॉट निवडून बघा.

आधी नवा जोड काढून ठेवा. जुन्या दोघांवर एक्सएमपी लावा आणि कळवा.

रिकामा स्लॉट:
बायोस २०१९ चाच होता, अपडेट केला. नवा जोड काढला. एक्सएमपी लावलं. परत तीन गटांगळ्या आणि २१३३. म्हणजे जुना जोडच खराब?

एसपीडी टॅबमध्ये मात्र तुम्ही म्हणता तसंच निघालं. जुन्यात चिपा एका कंपनीच्या, नव्यात दुसऱ्याच. बाहेरून जुळे, आतून चुलतसुद्धा नाहीत!

खडखड्या पंखा:
दोन काड्या कोणत्या स्लॉटांत आहेत?

रिकामा स्लॉट:
प्रोसेसरपासून मोजलं तर पहिल्या आणि तिसऱ्या.

खडखड्या पंखा:
इथेच पाणी मुरतंय. दुसऱ्या आणि चौथ्यात घाला. बोर्डावर बारीक अक्षरांत ए२, बी२ लिहिलेलं असेल.

बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून निघालेली तार आधी एका स्लॉटला लागते आणि पुढे दुसऱ्यापर्यंत जाते. काडी शेवटच्या स्लॉटात असेल तर ठीक. ती अलीकडच्या स्लॉटात ठेवली, तर पुढचा रिकामा तुकडा नुसता लोंबकळत राहतो आणि सिग्नल तिथून आपटून परत येतो. २१३३ वर हे खपून जातं, ३२०० वर नाही. पहिल्या आणि तिसऱ्यातही ड्युअल चॅनल (दोन वाटांनी एकदम डेटा) मिळतंच, म्हणून कुणाला शंका येत नाही.

रिकामा स्लॉट:
झालं! टास्क मॅनेजर ३२००, सीपीयू-झेड १५९६. पहिल्याच फटक्यात बूट. इतकी वर्षं चुकीच्या स्लॉटांत बसवून वापरत होतो तर.

आता चारही घालून बघू का?

सातवा बिट:
घाला, पण अपेक्षा थोडी खाली ठेवा. रायझन ३००० मालिकेला दोन काड्यांवर ३२०० अधिकृत आहे. चार काड्या सिंगल रँकच्या (काडीवर चिपांचा एकच गट; ड्युअल म्हणजे दोन) असतील तर २९३३, ड्युअल रँकच्या असतील तर २६६७. ८ जीबीच्या काड्या बहुधा सिंगल रँक असतात, तरी तपासून घ्या. ह्याच्या वर जे मिळेल ती मेहेरबानी, हक्क नाही.

बूट झालं म्हणजे काम झालं असं मात्र समजू नका. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. त्यात एकही चूक चालत नाही. रॅम अधूनमधून चुकली तर विंडोज लगेच पडतंच असं नाही. फाइल बिघडून सेव्ह होते आणि महिन्याने कळतं. तुमचं एडिटिंगचं काम आहे, म्हणून जास्त बजावून सांगतोय.

आणि बूट होणंच बंद झालं तर बॅटरीजवळच्या दोन पिनांवर क्षणभर स्क्रूड्रायव्हर टेकवून सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायोसची सेटिंग मूळपदावर येतील. अर्थात वीज बंद करून, प्लग काढून. कोणत्या पिना ते मॅन्युअलमध्ये असतं.

अर्धवट बूट:
एवढा खटाटोप कशाला? २१३३ आणि ३२०० मध्ये डोळ्यांना फरक दिसतो का?

सातवा बिट:
ब्राउझरमध्ये नाही दिसणार. पण रायझनमध्ये प्रोसेसरच्या आतली जोडणी, इन्फिनिटी फॅब्रिक, रॅमच्या ठोक्याबरोबर चालते. २१३३ म्हणजे तीही १०६६ वर. ड्युअल चॅनलला बँडविड्थ ३४ जीबी प्रति सेकंदावरून ५१ वर जाते. उत्तर यायला लागणारा वेळही घटतो: २१३३ सीएल१५ म्हणजे साधारण १४ नॅनोसेकंद, ३२०० सीएल१६ म्हणजे बरोबर १०. ग्राफिक्स कार्ड नसेल आणि चित्र प्रोसेसरच काढत असेल, तर फरक डोळ्यांनाही दिसतो.

जाता जाता: इंटेलच्या आय५ १०४०० प्रोसेसर आणि बी४६० चिपसेटवाल्यांनी हा धागा वाचून बायोस खणत बसू नये. तिथे २६६६ हीच मर्यादा आहे, रॅम कितीही भारी आणा.

रिकामा स्लॉट:
निकाल कळवतो.

चारही काड्या, एक्सएमपी ३२००: बूट झालं, मी नाचलो. मेमटेस्टच्या दुसऱ्या फेरीत ११ चुका. नाच बंद.

प्रोफाइल तसंच ठेवून फक्त वेग हाताने २९३३ केला. टायमिंग आणि १.३५ व्होल्ट तेच. रात्रभरात चारही फेऱ्या पूर्ण, चुका शून्य. हिशोब केला तर सीएल१६ वर जवळजवळ ११ नॅनोसेकंद येतात, म्हणजे गमावलं फारसं नाही. ३२ जीबी माझ्या जास्त कामाचे आहेत, म्हणून इथेच थांबतो. नवा जोड परत करत नाही. खडखड्या पंखा आणि सातवा बिट, दोघांचे मनापासून आभार. स्लॉटचं विचारलं नसतं तर मी चांगली रॅम परत करून आलो असतो.

खडखड्या पंखा:
उत्तम. पुढे कधी बायोस अपडेट केलात तर सेटिंग पुसली जातील, तेव्हा २९३३ परत लावावं लागेल. आकडे कुठेतरी लिहून ठेवा.

पिक्सेलराव:
धागा पळवतोय, माफ करा. माझ्या लॅपटॉपमध्ये ३२०० ची रॅम टाकलीये, दिसते २६६७. बायोसमध्ये एक्सएमपी कुठेच सापडत नाही.

सातवा बिट:
बहुतेक लॅपटॉपांत तो पर्याय देतच नाहीत. प्रोसेसर कोणता आणि जुनी काडी आतच आहे का? असेल तर दोघी हळू असलेलीच्या वेगाने चालतील. वेगळा धागा काढा, तिथे बघू.