जुना अपराइट घेऊ की डिजिटल पियानो?

सायली_म
लेक दोन वर्षं ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर शिकतेय. आता तिच्या बाई म्हणतात, पियानो घ्या, बोटांत जोर येत नाहीये. ग्रँडला, म्हणजे मोठ्या आडव्या पियानोला, घरात जागा नाही. ओळखीतून एक जुना अपराइट, म्हणजे उभा पियानो, मिळतोय. पण सराव रात्रीच होतो आणि भिंतीपलीकडे शेजारी. काय करू?

खुंटीपिळ्या
जुन्याच्या पॉलिशला भुलू नका, झाकण उघडून तारा पिळायच्या खुंट्या बघा. आत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात, त्यांचा एकत्रित ताण १५ ते २० टन. तो बिडाची चौकट पेलते खरी, पण खुंट्या रुतलेल्या असतात लाकडात. ते सैल झालं असेल तर आज सुरात लावलेला पियानो काही दिवसांत उतरतो. पट्टी दाबली की तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांच्या नमद्यावर (दाबलेल्या लोकरीवर) तारांच्या खोल चऱ्या पडल्यात का, तेही बघा.

मंद्रसप्तक
ग्रँड नाही म्हणून हळहळू नका, पण फरक माहीत असू द्या. ग्रँडमध्ये तारा आडव्या. हातोडी खालून मारते आणि स्वतःच्या वजनानेच परत पडते. शिवाय पट्टी पूर्ण वर येण्याआधीच तोच स्वर पुन्हा वाजवता येतो. ही युक्ती पियानो बनवणाऱ्या फ्रेंच एरारची, १८२१ची. अपराइटमध्ये तारा उभ्या, हातोडी समोरून मारते, तिला मागे आणायला स्प्रिंग लागते. तिथे पट्टी बरीच वर येऊ द्यावी लागते. तुमच्या लेकीला हे जाणवायला अजून काही वर्षं जातील!

सायली_म
अपराइटचं मधलं पेडल दाबलं की आवाज दबतो म्हणे. मग रात्रीचा प्रश्न सुटला?

खुंटीपिळ्या
अर्धाच. हातोड्या आणि तारांच्या मध्ये नमद्याचा पडदा येतो (सगळ्या अपराइटना तो नसतो), आवाज कमी होतो, बंद नाही. आणि स्पर्शही गुळमुळीत लागतो. रोज तसंच वाजवायचं असेल तर अपराइट कशाला?

मंद्रसप्तक
मीही डिजिटलच म्हणेन. त्यात तारा नसतात. पट्टी किती वेगाने खाली गेली हे सेन्सर मोजतो आणि त्या जोराचा ध्वनिमुद्रित स्वर वाजतो. हेडफोन लावले की शेजारी सुखी. फक्त ८८ पट्ट्या आणि 'हॅमर ॲक्शन' (खऱ्या पियानोसारख्या जड पट्ट्या) हवीच. 'सेमी-वेटेड' (हलक्या पट्ट्यांचा) घेतलात तर बाई पुन्हा तेच म्हणतील.

सायली_म
पटलं. तरी शनिवारी तो अपराइट बघून येते, टॉर्च घेऊन.