पॉवर बीआयमधून एक्सपोर्ट करताना सारख्या ओळी गळतात. सगळ्या ओळी जशाच्या तशा कशा काढायच्या?

नमस्कार मंडळी,

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या एका कारखान्यात मी हिशेब बघते. शिलाई खात्यातल्या बायकांना डझनावर मजुरी असते, शनिवारी पगार. सुपरवायझर संध्याकाळी वहीवरून एक्सेलमध्ये नोंदी चढवतात: तारीख, नाव, टॉवेलची साइज, डझन. ती शीट पॉवर बीआयला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्ट बनवायच्या सॉफ्टवेअरला, जोडलेली आहे. तिथल्या टेबलावरून सीएसव्ही (साधी मजकूर फाइल) काढून मी पगारपत्रक करते.

गेल्या शनिवारी एक मावशी पाकीट घेऊन परत आल्या. "ताई, मंगळवारी मी दोन गठ्ठे दिलेते की. एकच लागलाय." त्यांच्याकडे छोटी डायरी असते, गठ्ठ्याला एक रेघ. मंगळवारसमोर दोन रेघा. मूळ एक्सेलमध्येही दोन ओळी होत्या: तीच तारीख, तेच नाव, 30 बाय 60, 10 डझन. एक्सपोर्टमध्ये मात्र एकच. मग मी सगळा आठवडा मोजला. एक्सेलमध्ये 412 ओळी, सीएसव्हीत 397. या 15 नोंदी म्हणजे कुणाची तरी मेहनत आहे. मावशींचे पैसे तिथल्या तिथे दिले, पण मागच्या आठवड्यांत कितीजणींचे राहिले असतील या विचाराने रात्री झोप लागली नाही.

पॉवर क्वेरीत (पॉवर बीआयमध्ये डेटा आणून नीट करायची जागा) 'रिमूव्ह डुप्लिकेट्स'ची पायरी कुठेही नाही, ते पाहिलं. टेबल व्ह्यूमध्ये 412 ओळी व्यवस्थित दिसतात; रिपोर्टच्या टेबलात आल्या की कमी होतात. डझनाच्या कॉलमला मी 'डोंट समराइज' लावलं होतं, कारण मला सुट्या नोंदी हव्या होत्या. 'सम' केलं तर एकूण बेरीज बरोबर येते, पण मावशींच्या 10-10 च्या दोन ओळींऐवजी 20 ची एकच येते. डायरीशी ताळा घ्यायचा तर गठ्ठ्यागणिक ओळ हवी. त्यात मालकांना दोन वर्षांचा डेटा एका फाइलीत हवाय, ओळी 40 हजारांवर जातील. कुणी वाट दाखवाल का?

प्रतिसाद:

ताई, डेटा शाबूत आहे. रिपोर्टमधला टेबल म्हणजे एक्सेलची शीट नव्हे. टेबलात घेतलेले सगळे रकाने तंतोतंत सारखे असले की त्याच्या लेखी ती एकच ओळ. 'डोंट समराइज'चा अर्थ बेरीज करू नकोस एवढाच. दुबार ओळी राहू दे, असा नाही. तुमचे 10 डझन तिथेच बुडाले.

प्रत्येक ओळीला स्वतःचा नंबर द्या. पॉवर क्वेरीत 'ॲड कॉलम'मध्ये 'इंडेक्स कॉलम' आहे, तो 1 पासून लावा, 'क्लोज अँड अप्लाय' करा आणि तो कॉलम टेबलात घ्या. दोन वर्षांच्या फाइली जोडणार असाल तर सगळ्या एकत्र झाल्यावरच इंडेक्स लावा, नाहीतर प्रत्येक फाइलीत तेच नंबर पुन्हा येतील.

40 हजार ओळी सीएसव्हीत येणार नाहीत, ती 30,000 वर थांबते. सर्व्हिसवरून, म्हणजे पॉवर बीआयच्या ऑनलाइन आवृत्तीतून, एक्सेलमध्ये काढलं तर मर्यादा 1,50,000. पण अख्खा टेबलच हवा असेल तर मी रिपोर्टच्या वाटेला जातच नाही. डॅक्स स्टुडिओ हे पॉवर बीआयच्या डेटावर क्वेरी चालवायचं वेगळं साधन, ते फुकट मिळतं. तुमची फाइल उघडी ठेवून ते जोडा, 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'एक्सपोर्ट डेटा' घ्या, टेबल निवडा. दुबार ओळींसकट सगळं सीएसव्हीत उतरतं. स्वतः क्वेरी लिहिलीत तर 'इव्हॅल्युएट' आणि पुढे टेबलाचं नाव, एवढंच. 'समराइझ' फंक्शन टाळा, ते पुन्हा ओळी एकत्र करतं.

मूळ प्रश्नकर्ती:

इंडेक्स लावला, तरी 397 च! तासभर डोकं धरून बसले. मग मावशींच्या ओळीकडे लक्ष गेलं, इंडेक्सच्या रकान्यात 237. त्यांच्या नोंदी 118 आणि 119. इंडेक्स हा आकडा असल्यामुळे पॉवर बीआयने त्याचीच बेरीज केली होती! त्या कॉलमला 'डोंट समराइज' केलं आणि 412 ओळी समोर आल्या. हे इथे मुद्दाम लिहितेय, पुढच्या माणसाचा तास वाचेल. दोन वर्षांचा डेटाही डॅक्स स्टुडिओतून निघाला, एक्सेलशी मोजून पाहिला, एकही ओळ कमी नाही. आता जुनी पगारपत्रकं काढून ताळा घेतेय. ज्यांचं राहिलंय त्यांना फरक द्यायला मालक तयार आहेत.

एकच शंका. सुपरवायझरने मध्येच ओळ घुसवली तर इंडेक्स बदलेल ना?

प्रतिसाद:

हो, रिफ्रेश केलं की खालचे सगळे नंबर सरकतील. एक्सपोर्टपुरता इंडेक्स चालेल, पण जुन्या कागदाशी ताळा घ्यायला नाही. खरा नंबर गठ्ठा हातात येतो तिथेच पडायला हवा.

मूळ प्रश्नकर्ती:

पटलं. सोमवारपासून प्रत्येक गठ्ठ्याला नंबरची चिठ्ठी लावतोय आणि शीटमध्ये तो रकाना वाढवलाय. मावशींनी डायरीत रेघेऐवजी तोच नंबर लिहायला सुरुवात केलीय.